संबंधाच्या वेळी बोटाला चीर होती, आता एचआयव्हीची धास्ती? धोका असा तपासा

संबंधानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी सॅनिटायझर लावताना बोट चुरचुरतं. बघावं तर नखाच्या कडेचं सालपट निघालेलं. काल याच बोटाला जोडीदाराचा स्राव लागला होता हे आठवतं आणि पोटात गोळा येतो. मग कुणी रात्र रात्र मोबाइलवर शोधत बसतो, कुणी कोणालाच न विचारता महिनोन्‌महिने कुढत राहतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ज्या जखमेची लोक सर्वांत जास्त धास्ती घेतात, तिच्यातून एचआयव्ही होण्याची शक्यता जवळजवळ नसते. खऱ्या धोक्याच्या जखमा बहुतेक वेळा दिसत नाहीत आणि दुखतही नाहीत, कारण त्या शरीराच्या आतल्या नाजूक त्वचेवर असतात. म्हणून बोट निरखण्याआधी संबंध कोणत्या प्रकारचा होता आणि कंडोम होता का, हे विचारायचं.

सगळ्यात आधी घड्याळ बघा

योनीमार्गात किंवा गुदमार्गात कंडोमशिवाय संबंध आला असेल, कंडोम फाटला किंवा आत निसटला असेल, किंवा जोडीदाराचं रक्त तुमच्या वाहत्या जखमेवर गेलं असेल, आणि जोडीदाराला एचआयव्ही आहे किंवा असू शकेल अशी शंका असेल, तर या घटनेला ७२ तास झालेत का ते मोजा. झाले नसतील तर हा लेख इथेच ठेवून एचआयव्हीचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे किंवा मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा आणि ‘पेप’ हवं आहे असं सांगा. पेप म्हणजे संसर्ग रुजण्याआधीच त्याला अडवणारा औषधांचा कोर्स. तो जितका लवकर सुरू होईल तितका चांगला. ७२ तास ही शेवटची मुदत आहे, त्यामुळे सोमवारी सुट्टी संपली की जाऊ असं म्हणून थांबू नका.

यातलं काही झालं नसेल तर पुढे सावकाश वाचा.

पायरी १: जखमेला नेमकं काय लागलं?

एचआयव्ही रक्त, वीर्य, वीर्याआधी येणारा पातळ स्राव, योनीस्राव, गुदमार्गातला स्राव आणि आईचं दूध यांतून पसरतो. लाळ, घाम, अश्रू, लघवी यांतून पसरत नाही. त्यांत डोळ्यांना दिसेल असं रक्त मिसळलेलं असेल तरच विचार करायचा. त्यामुळे चुंबन घेताना ओठ फाटलेला होता, मानेवर ओरखडा होता आणि जोडीदाराची लाळ लागली, पाठीवर खरचटलेलं होतं आणि घाम लागला, या शंका इथेच मिटतात.

मासिक पाळीतलं रक्त हेही रक्तच, हे मात्र लोक विसरतात. जोडीदार स्त्रीला एचआयव्ही असेल आणि तिचे उपचार चालू नसतील, तर पाळीच्या दिवसांत कंडोमशिवाय आलेल्या संबंधात धोका वाढतो.

स्राव ताजा होता का, हेही बघा. शरीराबाहेर पडून वाळायला लागला की एचआयव्ही झपाट्याने निकामी होतो. चादरीवरच्या वाळलेल्या डागाला बोट लागलं, टॉवेल वापरला, शौचालयाच्या बैठकीवर बसलो, यांतून लागण होत नाही.

पायरी २: जखम कुठे आहे?

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, म्हणून इथे जरा थांबू.

हाताच्या, मांडीच्या, पोटाच्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. एकावर एक दाबून बसवलेल्या या कोरड्या पेशींमध्ये एचआयव्हीला करण्यासारखं काही नाही. त्याला जिवंत पेशी लागते आणि तीही विशिष्ट जातीची, जिच्या पृष्ठभागावर सीडी४ नावाचं प्रथिन असतं. रोगप्रतिकारशक्तीच्या काही पेशींवर ते असतं. विषाणू त्याला चिकटतो आणि मग आत शिरतो. वरवरच्या ओरखड्यात मृत पेशींचा थर थोडा खरवडला जातो एवढंच. विषाणू अशा पेशींपर्यंत पुरेशा संख्येने पोचेल असा रस्ता त्याने सहसा उघडत नाही.

योनी, गुदमार्ग, मूत्रनलिकेचं तोंड आणि शिश्नाच्या अग्रत्वचेची आतली बाजू इथली गोष्ट वेगळी आहे. इथली त्वचा ओलसर असते, तिला श्लेष्मल त्वचा म्हणतात. मृत पेशींचं जाड कवच तिच्यावर नसतं. गुदमार्गाच्या आतल्या बाजूला तर पेशींचा एकच थर असतो आणि त्याच्या लगेच खाली विषाणूला हव्या असलेल्या पेशींची दाटी असते. योनीच्या भिंतीला अनेक थर असतात, पण स्राव टेकण्याची जागा मोठी आणि तो आत राहण्याचा वेळही जास्त. शिवाय घर्षणाने इथे बारीक भेगा पडतात. त्यांतून रक्त येईलच असं नाही, आणि त्या दुखतीलच असंही नाही. म्हणूनच बोटाला काय लागलं यापेक्षा या जागी काय लागलं, हा प्रश्न कितीतरी मोठा.

गुप्तांगावर आधीपासून फोड किंवा व्रण असतील, तर ही जखम ‘किरकोळ’ या सदरात धरू नका. नागीण वर्गातला जननेंद्रियाचा हर्पिस किंवा सिफिलिस यांच्या व्रणांमध्ये आडवा येणारा थर तर फाटलेला असतोच, वर प्रतिकारशक्तीच्या पेशी तिथे गोळा झालेल्या असतात. म्हणजे विषाणूला हव्या त्या पेशी नेमक्या दाराशीच. व्रण न दुखणारा असला तरी तपासून घ्या. सिफिलिसचा पहिला व्रण बहुधा दुखत नाही आणि तिथेच माणूस फसतो.

पायरी ३: जखम उघडी होती का?

चांगल्या उजेडात जखम बघा. त्वचा कापली गेली की काही मिनिटांतच रक्तातल्या गोठवणाऱ्या कणिका तिथे गोळा होतात आणि तोंड बंद करायला लागतात. लहानशा स्वच्छ कापावर पुढच्या एक-दोन दिवसांत नव्या पेशींचा पातळ थर पसरतो. खपली धरलेली किंवा कडा मिटून कोरडी झालेली जखम, नुसती लाल रेघ, नखाजवळचं सुकलेलं सालपट, थंडीत उललेल्या बोटांच्या कोरड्या भेगा, या अर्थाने बंदच. चुरचुरली म्हणून ती उघडी ठरत नाही. स्पिरिट किंवा सॅनिटायझर नुसत्या सोललेल्या त्वचेलाही झोंबतं. हात कुठे कुठे नाजूक झालाय हे शोधायला ते ठीक आहे, पण त्यावरून एचआयव्हीचा हिशोब मांडू नका.

उघडी जखम म्हणजे त्या वेळी रक्त येत होतं, किंवा आतला ओला लाल भाग दिसत होता. कागदाने कापलेलं बोट तासाभराने या वर्णनात बसत नाही. नुकतंच सुरीने खोल कापलेलं, टाके पडावेत असं बोट बसतं. त्या अवस्थेत संबंधाचा विचार फारसं कुणी करत नाही, हा भाग वेगळा.

पायरी ४: जोडीदाराची स्थिती काय?

जोडीदाराला एचआयव्ही नसेल तर तुमच्या हाताला दहा चिरा असल्या तरी त्यातून एचआयव्ही येणार नाही. हे उघड आहे, पण भीतीच्या भरात नेमकं हेच सुटतं. बऱ्याच वेळा जोडीदाराला विचारणं आणि दोघांनी तपासणी करणं, हा दोन महिने झुरण्यापेक्षा जवळचा रस्ता असतो.

जोडीदाराला एचआयव्ही आहे, तो किंवा ती नियमित औषधं घेते आणि रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, म्हणजे व्हायरल लोड, तपासणीत सापडत नाही इतकं कमी राहिलेलं आहे, तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही. हे केवळ धीर देण्यासाठीचं वाक्य नाही. एका जोडीदाराला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही, अशा जोडप्यांवर झालेल्या ‘पार्टनर’ या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ आणि २०१९ साली आले. कंडोमशिवाय हजारो वेळा संबंध येऊनही, विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून दुसऱ्याला झालेली एकही लागण त्यांत आढळली नाही. या जोडप्यांच्या त्वचेवर कधीच ओरखडे नव्हते असं थोडंच आहे! स्रावात विषाणूच नगण्य असेल तर जखम असून नसून सारखीच.

उलट टोकाला, नुकतीच लागण झालेला माणूस. पहिल्या काही आठवड्यांत विषाणूंची संख्या फार चढलेली असते आणि त्या माणसाला स्वतःला पत्ता नसतो. त्यामुळे ‘दिसायला तब्येत ठणठणीत आहे’ हा निकष कुचकामी ठरतो.

आकडे काय सांगतात?

जोडीदाराला एचआयव्ही आहे, उपचार नाहीत, कंडोम नाही, असं धरून अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, सीडीसीने, वापरलेले अंदाज असे आहेत. गुदमैथुनात स्राव आत घेणाऱ्याला दर १०,००० संबंधांमागे सुमारे १३८ वेळा लागण. त्याच संबंधात आत शिरणाऱ्याला ११. योनीसंबंधात स्त्रीला ८, पुरुषाला ४. एचआयव्ही असलेल्या माणसाला टोचलेली सुई आरोग्यसेवकाला टोचली तर १०,००० मागे सुमारे २३.

या शेवटच्या आकड्याशी थोडं रेंगाळा. इंजेक्शनची पोकळ सुई रक्त घेऊन त्वचेच्या खाली जाते, म्हणजे वाटेतला सगळा अडथळा ओलांडून. तरीही १०,००० तले ९,९०० हून अधिक जण सुटतात. रक्त डोळ्यात किंवा तोंडात उडालं तर अंदाज १०,००० मागे ९ वर येतो. फुटलेल्या त्वचेवर रक्त पडण्याचा धोका त्याहूनही कमी धरला जातो. त्याचा नेमका आकडा सांगता येत नाही, कारण मोजण्याइतक्या घटनाच नाहीत. आणि तिथेही आपण रक्ताबद्दल बोलतोय. किरकोळ चिरेला योनीस्राव लागणं त्याच्याही खाली येतं.

पण हे सरासरीचे आकडे आहेत. १०,००० मागे ८ याचा अर्थ पहिल्या ९,९९२ वेळा सुट्टी असा होत नाही. लागण पहिल्याच संबंधात होऊ शकते. व्हायरल लोड चढलेला असेल किंवा व्रण असतील तर हे आकडे वर सरकतात.

नेहमी विचारले जाणारे प्रसंग

बोटाने उत्तेजित करताना बोटावर जुनी चीर होती: धोका नगण्य, सहसा पेपची गरज नाही. पण इथे एक उलटी बाजू आहे. वाढलेल्या, खडबडीत नखांनी जोडीदाराच्या आतल्या त्वचेला ओरखडे पडतात आणि लगेच पुढे कंडोमशिवाय संबंध आला तर त्या ओरखड्यांचा धोका जोडीदाराला असतो. बोटाला काय झालं याची काळजी करणाऱ्याने बोटाने काय केलं हेही बघावं.

जांघेतले केस काढताना ब्लेड लागलं आणि त्याच दिवशी संबंध आला: कंडोम असेल तर मुख्य रस्ता बंद झालेला आहे. उघड्या राहिलेल्या भागावरचा बारीक काप फारशी भर घालत नाही. कंडोम नसेल तर तो संबंधच धोक्याचा. कापाची चर्चा करत वेळ घालवू नका, वरचं घड्याळ बघा.

मुखमैथुनाच्या वेळी तोंड आलं होतं किंवा हिरड्यांतून रक्त येत होतं: मुखमैथुनातून लागण मुळात फार क्वचित होते. तोंडात व्रण, रक्त येणाऱ्या हिरड्या आणि तोंडातच वीर्यस्खलन असं सगळं जुळून आलं तर धोका थोडा वाढतो. जोडीदाराला एचआयव्ही असल्याचं आणि उपचार नसल्याचं माहीत असेल तर डॉक्टरांना विचारा.

चावल्यामुळे किंवा नखं लागल्यामुळे ओरखडे आले: रक्त नसेल तर विषय संपला. चावणाऱ्याच्या तोंडात रक्त होतं आणि त्वचा खोल फाटली, तर दाखवा.

दोघांच्याही वाहत्या जखमा एकमेकींना घासल्या: असं विरळाच घडतं, पण घडलं तर रक्ताचा थेट संपर्क समजून ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जा.

जबरदस्ती झाली असेल तर यातलं कुठलंच मोजमाप करत बसू नका. अशा वेळी आतल्या जखमा जास्त आणि मोठ्या असतात. लगेच रुग्णालयात जा. पेपबरोबर इतर संसर्गांवरचे उपचार आणि गर्भ राहू नये म्हणूनचं औषधही तिथे मिळू शकतं.

जखमेला स्राव किंवा रक्त लागलं, तर लगेच काय करायचं?

जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. जखम दाबून रक्त काढू नका. त्याने विषाणू बाहेर येत नाही, आजूबाजूची त्वचा मात्र दुखावते. ब्लीच, फिनेल, ॲसिड असलं काही ओतू नका. डोळ्यात काही गेलं तर नुसत्या स्वच्छ पाण्याने धुवा. योनी किंवा गुदमार्ग आतून पिचकारीने धुण्याचा मोह आवरा, त्याने तिथली त्वचा आणखी सोलवटते. बाहेरून धुतलं तरी पुरे.

पेप घ्यायचं ठरलं तर

कोर्स २८ दिवसांचा, बहुधा तीन औषधांचा असतो. सुरुवातीला एचआयव्हीची तपासणी होते, मूत्रपिंडाचं काम आणि हिपॅटायटिस बी यांसाठी रक्त घेतात. पण डॉक्टर सहसा अहवालांची वाट बघत थांबत नाहीत, पहिली गोळी देऊन टाकतात. मित्राच्या उरलेल्या गोळ्या घेऊन घरच्या घरी हा कोर्स करू नका. यातली काही औषधं हिपॅटायटिस बीच्या विषाणूवरही चालतात. तो विषाणू अंगात असेल तर गोळ्या अचानक थांबल्यावर यकृताची सूज उसळू शकते. मळमळ, डोकेदुखी, जुलाब झाले तर डॉक्टरांना सांगा, गोळ्या मध्येच सोडू नका. आणि या दिवसांत कंडोम वापरा.

तुम्ही डॉक्टरांकडे काय बोलता यावरही बरंच अवलंबून असतं. ‘बोटाला कापलं होतं’ एवढंच सांगितलं तर ते बोट बघून घरी पाठवतील, आणि त्यात त्यांची चूक नाही. कोणता संबंध, किती वाजता, कंडोम होता का, रक्त दिसलं का, जोडीदाराबद्दल काय माहीत आहे, हे लाज बाजूला ठेवून सांगा.

तपासणी कधी करायची?

दुसऱ्या दिवशी केलेली तपासणी कालच्या संबंधाबद्दल काहीच सांगत नाही, ती आधीची स्थिती सांगते. लागण झाल्यापासून तपासणीत दिसेपर्यंतच्या काळाला विंडो पिरियड म्हणतात. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत होणारी चौथ्या पिढीची तपासणी, जी विषाणूचा अंश आणि प्रतिपिंडं दोन्ही शोधते, तिला १८ ते ४५ दिवस लागतात. बोट टोचून होणाऱ्या झटपट तपासण्यांना ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी तपासणी १० ते ३३ दिवसांत सांगू शकते, पण ती महाग असते आणि प्रत्येकाला लागत नाही. पेप घेतलं असेल तर तारखा बदलतात. साधारणपणे ४ ते ६ आठवड्यांनी आणि पुन्हा १२ आठवड्यांनी तपासायला सांगतात.

लक्षणांवरून निदान करू नका. लागणीनंतर दोन ते चार आठवड्यांत ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, गाठी सुजणं असं होऊ शकतं. साध्या विषाणूतापातही हेच होतं, आणि काही जणांना एचआयव्ही होऊनही काहीच होत नाही. प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची तपासणी ४५ दिवसांनंतर निगेटिव्ह आली, पेप घेतलेलं नव्हतं आणि मधल्या काळात नवा धोका आला नाही, तर तो निकाल पक्का. पाचव्यांदा, सहाव्यांदा रक्त द्यावंसं वाटत असेल तर ती भीती आता वेगळ्या डॉक्टरांना, मानसोपचारतज्ज्ञांना, सांगण्यासारखी आहे. अशा माणसांना लोक हसतात, पण त्यांचे हाल खरे असतात.

पुढच्या वेळेसाठी

जांघेतले केस संबंधाच्या एक-दोन दिवस आधी काढा किंवा कात्रीने नुसते कमी करा. रेझर कोणाचाही वापरू नका, कोणाला देऊ नका. नखं कापून घासून गुळगुळीत ठेवा. बोटाला खरोखर उघडी जखम असेल तर पातळ रबरी हातमोजा घाला, बँडेजची पट्टी ओली होऊन सुटते.

कोरड्या संबंधात भेगा पडतात, म्हणून वंगण वापरा. लॅटेक्सच्या कंडोमबरोबर पाण्यावर किंवा सिलिकॉनवर आधारलेलंच. तेल, व्हॅसलिन, कोल्ड क्रीम यांनी लॅटेक्स कमकुवत होऊन फाटतो. बधिर करणारी मलमं टाळा, दुखणं हीच तर थांबायची खूण असते. ‘नोनॉक्सिनॉल-९’ हे शुक्राणूनाशक वारंवार वापरल्यास आतली त्वचा चिडते आणि एचआयव्हीचा धोका वाढू शकतो, वेष्टनावर हे नाव आहे का बघा.

वारंवार पेप घ्यायची वेळ येत असेल, किंवा जोडीदाराचे उपचार नुकतेच सुरू झाले असतील, तर ‘प्रेप’बद्दल विचारा. संबंधाआधीपासून घ्यायचं हे औषध सांगितल्याप्रमाणे घेतलं तर लैंगिक संबंधातून होणारी लागण सुमारे ९९ टक्क्यांनी टळते.

राहता राहिले ते संसर्ग, ज्यांच्यासाठी त्वचेची बारीक चीर खरोखर महत्त्वाची असते. हर्पिस, सिफिलिस आणि गुप्तांगावर चामखिळी आणणारा एचपीव्ही हा विषाणू हे त्वचेला त्वचा लागूनही पसरतात. हिपॅटायटिस बी तर एचआयव्हीपेक्षा कितीतरी पटीने जास्त संसर्गजन्य असतो, शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातही तो सात दिवस टिकू शकतो. बोटाच्या चिरेने झोप उडालेला माणूस याचा विचार सहसा करत नाही. हिपॅटायटिस बीची लस आहे, नेहमीच्या पद्धतीत सहा महिन्यांत तीन डोस. लस घेतलेली नसेल आणि जोडीदाराला हा आजार असण्याची शक्यता असेल तर संबंधानंतरही लगेच, जमल्यास २४ तासांच्या आत, तिचा पहिला डोस घेता येतो. एचआयव्हीच्या तपासणीला जाल तेव्हा याच भेटीत तिच्याबद्दल विचारा.